वरची बाजू

पिंपळगावला आमच्या शीतगृहात
द्राक्षाचा हंगाम सरला की खोल्या रिकाम्या पडतात.
कुणी बेदाणा ठेवतं, कुणी चिंच.
तांडेल मॅडमनी समुद्र ठेवला.

समुद्र म्हणजे चौदा नळ्या,
दंडाएवढ्या जाड, मीटरभर लांब,
आत खाडीचा चिखल.
टेम्पोतून कसारा घाट चढून आल्या,
खाली पेंढा अंथरलेला.
"चार अंश," म्हणाल्या, "नाहीतर बुरशी धरेल."
म्हटलं, थॉमसनला आम्ही शून्यावर नेतो, मॅडम,
तुमचा चिखल सोपं गिऱ्हाईक.

भाडं कॉलेजकडून, तीन महिन्यांनी, उशिरा.

रात्रपाळीला मी कॉम्प्रेसरची घरघर ऐकत बसलेला,
आणि त्या यायच्या नाशिकहून स्कूटरवर,
भर मे महिन्यात स्वेटर घेऊन.
एखादी नळी कलिंगडासारखी उभी चिरायच्या,
चमचाभर चिखल चाळणीत धुऊन
भिंगाखाली धरायच्या: बघा.
रव्याच्या कणाएवढे शंख.
"हे खाऱ्यातले. हे निमखाऱ्यातले.
कुठल्या वितीवर कोण राहत होतं
एवढंच विचारत खाली जायचं."

वीस हजार वर्षांमागे
बर्फानं पाणी अडवून ठेवलेलं, तिकडं उत्तरेला.
आपला समुद्र शंभर-सव्वाशे मीटर खाली,
आजच्या बंदरातून निघून दोन दिवस चाललात
तरी पाय ओले झाले नसते.
मग बर्फ सुटलं. पाणी चढत आलं,
कधी घाईनं, कधी रेंगाळत,
सहा-सात हजार वर्षांमागे उंबऱ्याशी टेकलं.
"नक्की किती?"
"अधिक-उणे दीडशे वर्षं."
आमच्याकडं पेटीमागे पन्नास ग्रॅम अधिक-उणे झालं
तर निर्यातदार माल परत धाडतो.

नऊ नंबरची नळी त्यांच्या वडिलांच्या मागल्या दारातली.
जिथं बोंबील वाळायचे
तिथं आता उधाणाला घोटाभर पाणी.
वडील म्हणतात, समुद्र वर आला.
"आला असेल. पण जमीनही बसते खाली कधी.
दोघांतलं कोण हललं
ते एका नळीवरून सांगता येत नाही."
हे वडिलांना सांगितलंत का, असं मी विचारलं नाही.

आणि नेमकी तीच.
रात्री वीज गेली, जनरेटर धरेना,
घाईत हमालांनी नळ्या दुसऱ्या खोलीत हलवल्या.
प्लास्टिकला घाम सुटला, शाई वाहिली,
नऊ नंबरचा बाण पुसला.
कुठलं टोक वरचं, कुठलं खालचं, कळेना.
चूक माझी. दार मी उघडं ठेवलेलं.

मॅडम ओरडल्या नाहीत.
नळी चिरली, दोन्ही अर्ध्या शेजारी ठेवल्या, बघत बसल्या.
"उलटी वाचली तर समुद्र माघारी जातो," एवढंच.
मध्यावर तिवराचं मूळ होतं, काळं,
इकडं सुतळीएवढं, वितीभर पुढं केसाएवढं.
मी डॉगरिजच्या खुंटांवर कलमं बांधत वाढलेला माणूस.
म्हटलं, मॅडम, जिकडं बारीक, तिकडं तळ.
"तिवराची मुळं वरही येतात," त्या म्हणाल्या,
"श्वास घ्यायला. चिखलातून पेन्सिलीसारखी."
पुन्हा गप्प दोघं. कॉम्प्रेसर.
मग त्यांनी टाचणीनं चिखल उकरला, कण कण,
आणि केसाएवढ्या टोकाला फाटे दिसले,
फाट्यांना आणखी फाटे.
"वर येणारं असं फाकत नाही.
हे खाली चाललंय."

नवा बाण मला काढायला लावला.
पेट्यांवर ग्रेड लिहायचा मार्कर होता खिशात.
हात जरा हलला, बाण वाकडा आला.
चालेल, म्हणाल्या.

निफाड स्टेशनवर पिवळी पाटी आहे,
समुद्रसपाटीपासून उंची पाचशे अमुक मीटर.
शाळेत असताना पाठ केलेला आकडा.
परवा गाडी उशिरा होती.
पाटीखाली उभा राहून मी त्या आकड्याच्या पुढं
मनातल्या मनात अधिक-उणे लिहिलं,
आणि किती लिहावं
ते सुचेना म्हणून जागा मोकळी सोडली.