अठ्ठ्याऐंशी पानं बर्फ

अमळनेर. एप्रिलचा तिसरा आठवडा, पारा सेहेचाळीस.
पंखा चालू आहे असं फक्त बटण म्हणतं.
पत्र्याखालच्या वर्गात, एस.वाय.बी.ए.ला
मी शिकवतोय अमेरिकेतली एक छोटी कादंबरी :
गोठलेलं तळं, दोन भाऊ, लांब दात्यांच्या करवती,
आणि मार्च संपत आला तरी
मालकाला हवी असलेली आणखी एक खेप.

पुस्तक एकच, माझं. बाकी सगळं झेरॉक्स,
त्यात पान एकोणचाळीस कुणाकडेच नाही.
मशीनमध्ये कागद अडकला म्हणे.
नेमकं तेच पान, जिथे धाकटा तळ्यात जातो.
मी म्हटलं, काळजी नको,
त्या पानावरही तो जात नाही.
लेखक एवढंच लिहितो की बर्फावर हातमोजे होते,
एकात एक घातलेले.
याला म्हणतात न बोलता सांगणं.
लिहून घ्या.

त्यांनी लिहून घेतलं.
घामानं शाई पसरली तरी घेतलं.

पूर्वसूचना : पहिल्याच पानावरचा तडा, केसाएवढा.
निवेदक : तृतीयपुरुषी, कोरडा.
वाक्यं आखूड, कारण थंडीत कुणी तोंड फार उघडत नाही.
हे माझं स्वतःचं निरीक्षण, गाईडमध्ये नाही,
इथे मी दरवर्षी थोडा थांबतो.
प्रतीक : बर्फ म्हणजे एकाकीपणा.
पाच गुण.

तेव्हा कोकिळा भिला बोरसे,
हजेरीलाही नुसती मान हलवणारी,
मागच्या बाकावरून बसूनच बोलली :
"सर, बरफ एकला राहस नही.
एकला ठेवा का गया.
लादीले लादी चिटकाडीसन ठेवतस, वर भुसा.
मना बाप बरफना कारखानामा शे."

वर्ग हसला. मीही, थोडा.

मग ती उभी राहिली आणि परीक्षेच्या मराठीत म्हणाली :
"थोरला धावत का नाही, सर, पान चाळीसवर?
तुम्ही म्हणालात, त्याचं मन गोठलंय.
पण बेचाळीसवर मालक वजन करतो.
गाडीत चढवलेल्याचं नाही, उतरवलेल्याचं.
वाटेत वितळलं ते मजुरीतून जातं.
तो धावला असता तर घोडे थांबले असते.
घोडे थांबले असते तर ऊन चढलं असतं."

मी बेचाळीस उघडलं.
सोळा वर्षं शिकवतोय.
वजन होतं तिथे. पौंडात, दोनदा.
आजूबाजूला माझ्या पेन्सिलीच्या रेघाच रेघा,
धुक्याखाली, कावळ्याखाली, थोरल्याच्या गप्प ओठांखाली.
त्या आकड्यांखाली एकही नाही.
मला ते वर्णन वाटलं होतं.

"म्हणजे त्याला दुःख नाही झालं?" कुणीतरी विचारलं.
"झालं ना," कोकिळा म्हणाली,
"पन ते उतरवल्यावर."
घंटा झाली. ती वही दप्तरात कोंबून
पारोळ्याच्या बससाठी पळाली.

संध्याकाळी दगडी दरवाजापाशी भिलाभाऊ दिसले,
हातगाडीवर पोत्यात गुंडाळलेली लादी.
ते ओढत होते, मागे डांबरावर पडत होती एक लांब ओल.
ओल की ओळ,
मी वाचायला वाकलो तोवर
सुरुवातीचे शब्द वाळले होते.

रसवंतीवाल्यानं लादी काट्यावर टाकली.
"कमी भरनी, भाऊ."
भिलाभाऊंनी आकडा खांद्याला अडकवला,
पोतं पिळलं, घडी घातली,
एकात एक, नीट.
बोलले काहीच नाहीत.

याला काय म्हणतात ते मला माहीत आहे.
मी रस घेतला.
बर्फ घालून.