येळवशीची यादी

लाइटबिलाच्या पाठीवर लिहितेय:
भज्जी, उंडे, गव्हाची खीर, आंबील.
फोनवर निलंग्याच्या प्रयागवन्सं:
"वालाच्या शेंगा लातुरात घेऊ नको गं,
निबर देतात मेले. मी आणते. बोरं पण."

पुण्याची जाऊ म्हणते, पोरांसाठी पनीर?
लिहिलं.
वन्संनी ऐकायच्या आत खोडलं.

मन्मथभावजींना शुगर, खिरीत गूळ बेतानं.
शेतात पहिल्या वाटीनंतर
ते डॉक्टरला ओळखणार नाहीत, तो भाग वेगळा.

आंबिलीचं ताक आदल्या सकाळीच लागेल.
बिंदगी तडकलीय, नवी बघायची.
कोपीला कडबा, पाच पेंढ्या.

"माणसं किती धरू?"
"तीस. आणि वाटेनं जाईल तो."
"आणि बांधापलीकडची?"

तीन वर्षं झाली मोजणीला.
तेव्हापासून दोन कोपी, दोन पूजा,
मधे हातभर बांध.
वन्सं गप्प. त्यांच्याकडे कुकरची शिट्टी होते,
मग आणखी एक.

"भज्जीत लसूण," म्हणाल्या,
"जरा जास्तच घाल."

एवढा लसूण आमच्यात
एकटा शिवाप्पा खायचा.

लिहिलं: लसूण, पाव किलो.
खोडून, अर्धा.