कड

पोलादी पात्याला दोन कडा असतात, एक आत, एक बाहेर,
मधे खोबण. ती किती खोल ठेवायची
एवढंच मी विचारतो प्रत्येक नव्या पोराला.
याल्मारी केस्तिला म्हणाला, "खोल. जाईल तेवढी."
अठरा वर्षांचा, कायानीच्या पलीकडच्या कुठल्याशा गावचा,
बापाच्या लाकूडगिरणीतला भुसा अजून बॅगेच्या चेनीत.
वहीत लिहिलं : डावा विंगर. तेरा मिलिमीटर.
आकडा जितका लहान, तितका बर्फाला चावा मोठा.

विंगर म्हणजे कडेचा माणूस.
मैदानाचा मधला भाग दुसऱ्यांचा,
याच्या वाट्याला फळी, फळीवरच्या जाहिराती,
काचेपलीकडे बियर धरलेला एक हात
आणि पाठीवर येणारा शंभर किलोंचा कुणीतरी,
जो दिसत नाही, नुसता ऐकू येतो.
खरखरीवरून कळतं, म्हणायचा,
किती पावलांवर आहे, आणि किती चिडलेला.

पहिल्या हिवाळ्यात तीन दात गेले.
दुसऱ्यात बावीस गोल.
चौथ्यात अमेरिकेहून फोन.
जाताना माझ्याकडचा छोटा दगड मागून घेतला, धार पुसायचा.
अकरा सामने खेळला तिकडे. गोल एक,
तोही दुसऱ्यानं मारलेला, याच्या ढुंगणाला लागून आत गेलेला.
पेपरात नाव आलं. आईनं कात्रण ठेवलं.
ढुंगणाचं तिला कुणी सांगितलं नाही.

मग धाकट्या लीगमधली चार वर्षं, बसमध्ये झोपायची,
मग स्वित्झर्लंड,
मग जर्मनीतलं एक गाव, जिथे रिंकला दोन बाजूंनी भिंतीच नव्हत्या,
वारा सुटला की पाऊस आत यायचा
आणि पक पाण्यात रुतून बसायचा.
पत्रं कधी लिहिली नाहीत त्यानं. पाती पाठवायचा.
पार्सल उघडलं की मला वाचता यायचं :
उजव्याची आतली कड जास्त झिजलीय,
म्हणजे डावा गुडघा सांभाळतोय.
टाचेपाशी गंज,
म्हणजे बाकावर बसवून ठेवलाय.

बत्तिसाव्या वर्षी परत आला.
"जरा उथळ कर," म्हणाला, माझ्याकडे न बघता.
मीही मान वर केली नाही. सोळा.
पुढच्या वर्षी एकोणीस. मग बावीस.
कोच बदलला. नव्यानं कुणाची कड घेतली नाही,
यादीतलं वय तेवढं वाचलं.
सरावाला तो मुलीला कडेवर घेऊन यायचा,
ती माझ्या यंत्राच्या ठिणग्या बघत बसायची,
हात पुढे करायची.

शेवटचा सामना मार्चमधला.
तो बाकावरच बसणार हे त्याला माहीत होतं, मलाही.
तरी सकाळी पाती घेऊन आला.
त्यात पोलाद फार उरलं नव्हतं,
एकोणीस वर्षं दर खेपेला थोडं थोडं मीच खाल्लेलं.
"किती?"
"तेरा."
गुडघ्याचं काय, असं मी विचारलं नाही.

शेवटच्या मिनिटाला एका पोराचं पातं निखळलं
म्हणून हा उतरला. आम्ही एका गोलनं पुढे.
पक फळीला घासत त्याच्याकडे आला,
मागून खरखर. तीन पावलं. दोन.
त्यानं वळून पाहिलं नाही.
धक्का घेतला, काच हादरली,
आणि त्या हादऱ्यातच काठीच्या टोकानं
पक निळ्या रेषेबाहेर ढकलला.

एवढंच. गोल नाही, पास नाही,
असल्या गोष्टीला आकडेवारीत रकाना नसतो.
लोक घड्याळाकडे बघत होते.
बाकावरची पोरं मात्र उठून
स्टिका फळीवर आपटत होती, आपटतच राहिली,
भोंगा वाजून गेला तरी.

हल्ली तो शाळेची बस चालवतो.
परवा मुलीचे स्केट घेऊन आला.
मी धार लावली. त्यानं सवयीनं
अंगठ्याचं नख कडेवरून हलकेच ओढलं.
पांढरा भुसा निघाला, चिमूटभरही नाही.
फुंकला.
"चालेल," म्हणाला.