ऊन असेपर्यंत

विश्रामबागेत, दातांच्या दवाखान्याच्या वर
चौगुले बाईंची गाण्याची शिकवणी.
मी विचारलं, महिन्याचे किती,
आणि किती महिन्यांत येईल?
बाई म्हणाल्या, सातशे.
दुसऱ्या प्रश्नावर त्यांनी पेटीचा भाता उघडला.

पहिला महिना नुसता सा.
मी मार्केट यार्डातला मापाडी. सव्वीस वर्षं
हळदीची पोती काट्यावर, आकडा तोंडात.
ओरडून ओरडून गळ्याचं गोणपाट झालेलं.
बाई म्हणाल्या, असू दे,
हळद गोणपाटातच टिकते.

खाली डॉक्टर दात कोरायला लागले
की यंत्राचा आवाज जिना चढून यायचा.
बाई मान तिरकी करून ऐकायच्या.
"तीव्र मध्यम. अजून तुझ्या कामाचा नाही,
त्याच्या नादी लागू नको."

माझी बोटं पिवळी. साबणानं जात नाहीत,
रॉकेलनं जात नाहीत.
पेटीच्या पट्ट्यांवर डाग पडले,
गंधारावर सगळ्यात जास्त,
तिथंच मी रेंगाळायचो.
बाई काही बोलल्या नाहीत, पुसलंही नाही.
एकदा जिन्यात चप्पल काढताना ऐकलं,
त्या कुठल्याशा शाळकरी पोरीला सांगत होत्या:
"पिवळ्यावर बोट ठेव. तो ग."

यार्डात विचारायचे, पुढं काय?
स्टेजवर बसणार? पोराच्या वरातीत गाणार?
मी म्हणायचो, अजून बघतोय.
काय बघतोय ते मलाही माहीत नव्हतं.

वेळ पाच ते सहा. थंडीत साडेपाचलाच बंद,
बाई दिवस मावळायच्या आत जेवणार.
आत सुनेनं ताट ठेवल्याचा आवाज झाला
की तान अर्धी असली तरी भाता मिटायचा.
म्हणून माझं सगळं गाणं उन्हातलं.
भीमपलास आला, पटदीप थोडासा.
दुसरीकडं म्हणे पहिल्या महिन्यातच यमन देतात.
मी नाव काढलं की बाई खिडकीकडं बघायच्या:
"अजून ऊन आहे, बिराप्पा."
आणि ऊन जायचं तेव्हा
मी रिक्षा थांब्यावर असायचो.

मग अनंत चतुर्दशी आली.
यार्ड बंद, दवाखाना बंद.
बाईंचा उपास, पाण्याचा थेंबसुद्धा नाही.
पाच वाजता बसलो. सहा झाले. साडेसहा.
ताट वाजेना.
उजेड भिंतीवरून उतरला, कपाटावरून,
माझ्या गुडघ्यावर जरा थांबला आणि गेला.
रस्त्यावर विसर्जनाचे ढोल,
खिडकीची काच थडथडत होती.
सून दिव्याचं बटण दाबून गेली.

बाई म्हणाल्या, "आता सा सोड."
"सोडू?"
"मनात ठेव. खालच्या नीवरून चढ."

त्या गायल्या नाहीत. ओठ पार सुकलेले.
नुसतं बोट वर जायचं, खाली यायचं.
नी. रे. ग.
पोतं उचलायच्या आधी धरतो
तसा मी श्वास धरला,
आणि मध्यमापाशी अडलो.
बोट आणखी वर. आणखी थोडं.
मला एकदम खालची खुर्ची आठवली,
कुणाची तरी दाढ,
ते किरकिरं, बारीक, न संपणारं,
आणि लागला.

बाईंचं बोट हवेत तसंच राहिलं,
काटा स्थिर झाला की
आम्ही हात वर धरतो तसं.
तेव्हा ढोल पुढच्या चौकात गेले होते
की दाराशीच होते,
मला खरंच सांगता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी पाच वाजता गेलो.
खाली यंत्र चालू झालं होतं.
बाईंनी भाता उघडला:
"भीमपलास घे."
मी खिडकीकडं बघितलं.
ऊन होतं.