पाठीवर चुन्याच्या रेघा

मंगळवारी बाटल्या उतरवते.
पाण्याच्याच, पोटाला भोकं पाडलेल्या,
आत काळं पडलेलं केळं, चिमूटभर यीस्ट.
पहिली आरेतल्या तबेल्यामागच्या पेरूवर,
शेवटची पार आत, ओहोळाकाठच्या उंबरावर,
जिथे रेंज जाते
आणि मी उगाच खाकरत चालते, बिबट्यासाठी.

ब्रशच्या टोकाने एकेक माशी उलटी करायची.
पाठीवर चुन्याच्या रेघा
असल्या तर बाहेरची.
तक्त्यात रकाने दोनच.

पेरूवर एकशे बारा. ठीक.
उंबरावर मागच्या वर्षी तीन होत्या.
आज मोजताना दोनदा चुकले,
मग मोजणं सोडून नुसती बघत बसले,
साखरेवर मुंग्या धराव्यात तशा.

चैती दुमाडा टोपली टेकवून वाकली.
कुठली गं ही?
आफ्रिकेची. आली असेल फळांच्या पेटीतून.
आनि पेरू?
मी गप्प. त्याच्या तर नावातच पत्ता.

उंबराचं फूल कुणी पाहत नाही म्हणतात.
आतल्या आत त्याचे स्वतःचे किडे,
आजे-पणजे सगळे त्याच एका झाडाचे.
तिथे ह्या कशा पोचल्या?
वाटेत ना वाडी, ना गाडा.

चैती बाटलीचा वास घेते.
केलं कुठलं घालतेस यात?
दादरचं.
दर मंगलवारी?
तीन वर्षं.

ती टोपली उचलून निघून गेली.

बॅगेत पिकल्या केळ्याचा वास.
गेटपर्यंत एक माझ्या मनगटावर बसून आली.
उलटी करून पाहिली नाही.