पान एकशे तेरा

कलिन्याच्या फाटकासमोर माझं दुकान, दहा बाय सहा.
खळीचा वास भिंतींनाच लागलेला.
मरून रेक्झिन, सोनेरी अक्षरं, तीन दिवसांत.
घाई असेल तर रातोरात. शंभर रुपये जादा.

त्या मार्चात एकाच आठवड्यात तीन प्रबंध आले.
रेश्मा तांडेल : मुंग्या.
निषाद कारखानीस : कामाच्या जागेचं व्यवस्थापन.
फर्झाना मुकादम : मालवाहतूक, ट्रेलरची रांग, गेटवर जाणारा वेळ.
तिघं बाकावर शेजारी शेजारी बसले
आणि आपापल्या मोबाईलमध्ये बघत राहिले.

इंग्रजी माझं शिवणीपुरतं.
पान उलटं की सुलटं, एवढं कळतं.
पण खळ वाळेपर्यंत करायचं काय?
एकेक शब्द उकरत बसतो, दातातली बडीशेप काढावी तसा.
आणि तिन्ही गठ्ठ्यांत मला एकच पत्ता सापडला :
वाडीबंदर, गोदाम क्रमांक सात.

रेश्मा तिथे खजुराच्या पोत्यांपाशी
जमिनीवर पालथी पडून मुंग्या मोजत होती.
कारखानीस तीच पोती पाठीवर घेतलेली माणसं मोजत होता,
हातात घड्याळ : चहाला किती मिनिटं,
शिट्टी वाजली की पावलं किती वाढतात.
आणि फर्झाना बाहेर रस्त्यावर
थांबलेली चाकं मोजत होती.

एकाच गल्लीत दोन वर्षं.
संदर्भसूचीत मात्र कुणीच कुणाचं नाही.

'वर्कर' हा शब्द मला ओळखता येतो.
मुंग्यांच्या प्रबंधात तो पानोपानी.
कारखानीसकडे क्वचित, तिथे 'रिसोर्स'च फार.
ट्रेलरच्या प्रबंधात शोधून शोधून डोळे दुखले.
तिथे नुसती सरासरी : एकोणीस तास.
त्यातले काही तास माझ्या मेव्हण्याचे असणार.
गजा केबिनमध्ये झोपायचा, पाय खिडकीबाहेर काढून,
आणि घरी फोन लावून सांगायचा,
नंबर लागला की निघतोच.

रात्री उकडत होतं म्हणून पंखा लावला. तीच चूक.
पानं उडाली. गोळा केली, जुळवली, शिवली,
वर सोनं छापलं.
सकाळी केर काढताना खाली एकही पान नव्हतं,
म्हणजे सगळी जागच्या जागी,
असं मी धरून चाललो.

दिवाळीनंतर कारखानीस पुन्हा आला,
दुरुस्त प्रत बांधायला.
परीक्षकाने पानापानाला रक्त काढलेलं.
एकाच पानावर समासात पेन्सिल, हलक्या हाताने :
'उत्तम निरीक्षण. संदर्भ द्यावा.'
पान एकशे तेरा.

माझ्यासमोरच त्याने मोठ्याने वाचलं.
मी मनात मराठी करत गेलो :
रिकामा वर्कर ओझंवाल्याला वाट देतो.
आपण बाजूला होतो, थांबतो.
हुकूम सोडणारं कुणी आढळलं नाही.

इंग्रजीत बाई की बुवा कळत नाही, तिथेच निभावलं.

'हे मी कधी लिहिलं?' तो म्हणाला.
डोकं खाजवलं.
मग, माणूसच तो, थोडा खूशही झाला.

मी सुईत दोरा ओवत होतो.
बोलायला हवं होतं. बोललो नाही.
तिकडे रेश्माच्या प्रबंधात मुंग्या
बारा मिनिटांच्या चहाला गेल्या असतील
आणि तिच्या परीक्षकाने त्यांनाही पास केलं असेल.

'संदर्भ काय देऊ?' त्याने विचारलं,
मला नव्हे, छताला.
'वाडीबंदर, गोदाम सात,' मी म्हटलं.
तो हसला. त्याला वाटलं मी गंमत करतोय.

रात्री गजाला फोन केला.
म्हटलं, पुस्तकात आलंय,
रिकाम्याने भरलेल्याला वाट द्यायची.
मागून कुणाचा तरी हॉर्न वाजत होता, थांबता थांबेना.
तो ओरडून म्हणाला,
'कुठल्या गेटवर?'