फुटायला हवं होतं

सकाळी सवानऊला मी मेंढीचं रक्त धुते.
तीन वेळा, वरचं पाणी नितळ होईपर्यंत,
आई तांदूळ धुवायची तसं,
फक्त हात न बुडवता.

परळला, चौथ्या मजल्यावर आमची खोली.
इथला न्याय उलटा.
पेशी फुटल्या, नळी लाल झाली, तर माणूस ठीक.
पेशी शाबूत राहिल्या,
तळाशी कुंकवाच्या बोटासारख्या बसल्या,
तर वाईट.

सीरममधल्या ज्या प्रथिनांचं हे काम
त्यांना पूरक म्हणतात.
पूरक वाचन, पूरक आहार.
शाळेत हा शब्द दिसला की
ते पान मी सोडून द्यायचे.

सोमवारची नळी. रेहाना मुकादम, वय नऊ.
मेंदूज्वर, तिसऱ्यांदा.
सदतीस अंशांवर तासभर ठेवली.
शेजारी तुलनेला माझंच सीरम, बेशरम लाल.
तिच्या पाचही नळ्यांत वर पाणी, खाली ठिपका.
शून्य.

मी मोरेश्वर वैतीवर ओरडले.
सायनच्या सिग्नलला उन्हात थांबला असशील,
पूरक गरमीत टिकत नाही, किती वेळा सांगायचं?
तो म्हणाला, मॅडम, आई माझी ससून डॉकला
चाळीस वर्षं पापलेट सांभाळते.
बर्फाचं मला शिकवू नका.
खोका उघडून पुढे धरला.
मी बघितलं नाही.
शेऱ्यात लिहिलं,
नमुना योग्य तापमानात मिळाला नाही.

गुरुवारी पोरगीच आली, वडिलांचा रुमाल धरून.
रक्त इथेच काढलं.
बर्फात धरून मी स्वतः अकरा पावलं चालले.
पुन्हा शून्य.

मोरेश्वर दाराशी.
ते पूरक असतं कसं, मॅडम?
नऊ जण असतात, म्हटलं, एकामागून एक चढतात
(चौथा दुसऱ्याच्या आधी येतो, ते सोड),
आणि वरचे जंतूला भोक पाडतात.
म्हणजे नऊ थर, तो म्हणाला.
गुडघा जाईपर्यंत तो माझगावच्या पथकात
तिसऱ्या थराला असायचा.
हिचा कुठला थर आला नाही?

ते पुढच्या आठवड्यात कळलं,
एकेक घटक बाहेरून घालून बघताना.
पाचवा घातला, काही नाही.
सहावा घातला
आणि नळी, जरा विचार करून, लाल झाली.

लस आहे. पेनिसिलिन आहे.
सहावा कुठून आणून द्यायचा, ते अजून नाही.
रेहानाने विचारलं, यातली माझी कुठली?
मी लाल दाखवली.

आज तिच्या धाकट्या भावाचं रक्त आलं,
दुप्पट बर्फात, वर ओलं गोणपाट.
सेंट्रिफ्यूज थांबेपर्यंत मोरेश्वर हलला नाही.
बस ना, म्हटलं. एवढंच म्हटलं.

मग सोमवारचा कागद काढला,
तापमानाच्या ओळीवर रेघ मारली,
बाजूला सही केली, तारीख घातली.
रेघेखालून ती ओळ अजून
वाचता येते.